मॉन्टेरेच्या काकूंना, बाबांतर्फे आणि माझ्यातर्फे

काकू,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. मराठी मंडळींत फिरत फिरत ते तुमच्यापर्यंत पोचेलच. खूण एवढीच: कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे बे अ‍ॅक्वेरियममध्ये केल्पच्या, म्हणजे झाडासारख्या उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाच्या, टाकीपाशी तुम्ही स्वयंसेवक म्हणून उभ्या होतात आणि देवगडच्या एका मच्छीमाराशी बराच वेळ मराठीत बोलत राहिलात. ते माझे बाबा.

अमेरिकेत आल्यापासून आम्ही सगळे त्यांना काही ना काही ‘दाखवत’ होतो. त्यांना दर्याबद्दल काही विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. तुमच्याकडे खडकांवर काय येतं, कुठल्या महिन्यात येतं, त्यावर कोण चरतं? बाबा एकदम ताठ बसले. मग त्यांनी सरगॅसमची, म्हणजे आपल्याकडच्या खडकांवरच्या शेवाळाची, गोष्ट काढली, आणि त्याच्या बारीक फुग्या नि समोरच्या केल्पच्या फुग्या यांचं काम एकच, पानं उजेडाकडे उचलून धरायचं, हे तुम्ही त्यांच्याच बोलण्यातून काढून घेतलंत. २८ फूट उंचीच्या त्या टाकीत वरून खरं ऊन येतं, केल्प खराखुरा वाढतो, तळाला दिसतात ती मुळं नव्हेत, नुसती खडकाला मारलेली पकड, पोषण मुख्यतः पानांतून शोषलं जातं. हे मी फलकावर वाचलं असतं तर दोन मिनिटांत विसरले असते. थंड, कसदार पाण्यात हा केल्प दिवसाला फूटभरसुद्धा वाढतो म्हटल्यावर बाबांनी पहिला प्रश्न टाकला, “मग संपता कसो?”

तिथून तुम्ही जांभळ्या अर्चिनवर, म्हणजे काट्यांच्या गोळ्यासारख्या समुद्री प्राण्यावर, आलात. केल्प भरपूर असतो तेव्हा ही काटेरी मंडळी कपारीत बसून गळून आलेले तुकडे खातात, कुणाच्या अध्यातमध्यात नसतात. वरून येणारे तुकडे आटले की बाहेर पडतात आणि पाच दातांनी उभा केल्प बुंध्याशीच कुरतडतात. २०१३ पासून रोगाने तारामासे विरघळून गेले, त्यात अर्चिन खाणारा भलामोठा सूर्यफूल तारामासाही गेला. पाठोपाठ २०१४ ते २०१६ समुद्र तापला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर अर्चिन खाणारी पाणमांजरं नाहीतच, त्यामुळे तारामासा गेल्यावर अर्चिनना विचारणारं कुणी उरलं नाही. तिथला नव्वद टक्क्यांहून जास्त केल्प गेला. केल्पवर जगणारे अ‍ॅबलोनी शंख उपाशी मेले आणि २०१८ मध्ये त्यांची मासेमारी बंद करावी लागली.

बाबा इथे तुमच्याशी वाद घालायला लागले. मॉन्टेरेत तर पाणमांजरं आहेत ना? रोज वजनाच्या चौथाईएवढं खातात ना? मग इथेही अर्चिननी साफ केलेले खडक का? मला वाटलं, आता तुम्ही कंटाळणार. तुम्ही म्हणालात, “त्या उजाड खडकावरचा अर्चिन फोडला तर आत काय मिळेल, सांगा बघू.” वर्षानुवर्षं उपाशी राहूनही तो मरत नाही, पण आतली गाभोळी सुकून जाते. पाणमांजर त्याला हात लावत नाही. केल्प शिल्लक आहे तिथले भरलेले अर्चिन ते खातं, म्हणून केल्पचे उरलेसुरले पट्टे टिकतात, पण गेलेलं जंगल परत येत नाही. २०२१ मध्ये संशोधकांनी हेच मांडलं, असंही तुम्ही सांगितलंत. बाबा खो-खो हसले. “अगो, पुनवेची कुर्ली कोण खाता?” अमावास्येची कुर्ली, म्हणजे खेकडा, भरलेली, पौर्णिमेची पोकळ, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. तुम्ही ते वहीत टिपून घेतलंत. त्या टिपून घेण्याबद्दल, काकू, खास आभार.

आणखी एका गोष्टीबद्दल. पाणमांजरं शंख आणि खेकडेही फस्त करतात म्हणून इथल्या कोळ्यांचा त्यांच्यावर राग आहे, हे तुम्ही लपवलं नाहीत. कातड्यासाठी मारून मारून इथल्याच बिग सूर किनाऱ्याजवळ मूठभर उरलेल्या त्या जनावराची आज कॅलिफोर्नियात तीनेक हजार डोकी आहेत, याचा तुम्हाला केवढा आनंद आहे ते दिसत होतं. तरी बाबांनी कोळ्यांची बाजू घेतली तेव्हा तुम्ही ती पुरती ऐकलीत. मला स्वतःला अजून पाणमांजराचंच पारडं जड वाटतं, पण बाबांसमोर ते बोलायची सोय नाही.

बाबा आता देवगडला परत गेलेत. पोकळ अर्चिन उचलून, टाक्यांत खाऊ घालून भरवायचे आणि मग विकायचे, असे प्रयोग चालू आहेत, असं तुम्ही निघता निघता म्हणालात. त्यावर त्यांचा प्रश्न आहे: दर्यात केल्प उरला नाही म्हणून ते पोकळ झाले, तर टाकीत त्यांना घालणार काय, आणि ते विकत घेऊन परवडणार कसं? दर फोनला विचारतात. उत्तर ठाऊक असेल तर जरूर कळवा, आणि जमलं तर थेट त्यांनाच सांगा. माझ्याकडून ऐकलं की त्यांचं समाधान होत नाही.

आपली,
देवगडकरांची लेक, सध्या मुक्काम सनीव्हेल