बाबांच्या कम्प्युटरचं बजेट

पर्वरी

ती. बाबा आणि आई यांस सा. न.

बाबा, म्हापशाच्या दुकानदाराने लिहून दिलेल्या यादीचा फोटो मिळाला. चाळीस हजारांत बसवायचं म्हणून त्याने काटछाट केलीय खरी, पण नेमकी नको तिथे. काचेचं कॅबिनेट शाबूत, रंगीत दिव्यांचे पंखे शाबूत, ग्राफिक्स कार्डही शाबूत. आणि एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, त्याच्यापुढे लिहिलंय, ‘कॅबिनेटसोबत फ्री’. तुम्हाला ते फुकटचं बघून बरं वाटलं असणार, ओळखते मी तुम्हाला.

ग्राफिक्स कार्ड आधी काढलं. तुम्हाला नाटकांच्या संहिता टाइप करायच्यात, जुन्या कॅसेटी उतरवून घ्यायच्यात आणि आईला मावशीशी व्हिडिओवर बोलायचंय. रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घेतेय. त्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे, डब्यात पंखाही सोबत येतो. २०२१ चा आहे, म्हणून ‘जुना माल’ म्हणणारे भेटतील. म्हणू देत. नव्या पिढीचा घेतला तर सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्डही महागडा लागतो. आपल्याला साधा ए५२० बोर्ड पुरे. कॅसेटींसाठी वेगळं साउंड कार्डही नको, बोर्डाच्या मागे निळं भोक असतं त्यात टेपरेकॉर्डरची वायर लावायची.

रॅमवर मात्र हात आखडला नाही. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत, एआयवाल्यांचे सर्व्हर सगळा माल ओढतायत. तरी ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतेय, १६ ची एक नाही. हा प्रोसेसर ग्राफिक्सला रॅममधूनच जागा देतो, आणि दोन पट्ट्या असल्या की त्याला दोन वाटांनी माल मिळतो. फाइली साठवायची एसएसडी साधी, ५०० जीबीची. तासाभराची कॅसेट सीडीच्या दर्जाने घेतली तरी साडेसहाशे एमबीच्या आत बसते, म्हणजे तुमचं सगळं भांडार घालूनही जागा उरेल. दुकानदाराची ‘जेन ४’, म्हणजे जास्त वेगाच्या पिढीची, एसएसडी खोडली. हा प्रोसेसर ‘जेन ३’च्या पुढे धावतच नाही, मग त्या वेगाचे पैसे कोणी भरायचे?

आता तो फुकटचा एसएमपीएस. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन आतल्या सगळ्यांना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट वाटायचं काम त्याचं. तो स्वस्तातला असला की जाताना एकटा जात नाही, बोर्डही घेऊन जातो. फुकटच्याच्या मागे बहुतेक वेळा एक लाल कळ दिसते, ११५ आणि २३० अशी. चांगल्यावर ती नसते, बऱ्याच जणांवर नुसतं १००-२४० व्होल्ट छापलेलं असतं, तसलाच बघून घेते. म्हणजे संध्याकाळी आपल्याकडे दिवे पिवळे पडतात तेव्हाही तो तग धरेल. वाळपईच्या पावसात वीज कशी येते-जाते ते मी तुम्हाला काय सांगायचं! म्हणून नावाजलेल्या कंपनीचा, वॉरंटीचा आणि ८० प्लस ब्रॉन्झचा (कमी वीज वाया घालवतो याचा शिक्का) घेतेय. पण ४५० वॉटचाच. दुकानदार ६५० चा गळ्यात मारायला बघेल, त्याची गरज नाही. प्रोसेसर ६५ वॉटचा, ग्राफिक्स कार्ड नाही, एवढी वीज खाणार कोण?

असा एसएमपीएस असला की वेगळा स्टॅबिलायझर नको; ते पैसे वाचले, ते ६०० व्हीएच्या यूपीएसवर, म्हणजे वीज गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर चालवणाऱ्या डब्यावर, घातले. वीज गेली की फाइल सेव्ह करून शांतपणे बंद करता येईल. आणि गडगडायला लागलं की प्लगबरोबर इंटरनेटची वायरही काढायची. परतीच्या पावसात आभाळातली वीज त्या वायरीतूनही आत येऊ शकते. हे आई, तुझ्याकडे सोपवते. बाबा लिहायला बसले की आभाळ कोसळलं तरी त्यांना कळत नाही.

मॉनिटर, कीबोर्ड, माउस जुनेच. बोर्ड मुद्दाम व्हीजीएवाला, म्हणजे जुन्या मॉनिटरची वायर बसेल असा, निवडलाय, म्हणजे तुमचा मॉनिटर थेट जोडता येईल. जुनी हार्ड डिस्कही आत बसवते, पण तिच्यावर फक्त दुसरी प्रत राहील; भरवसा ठेवायचं तिचं वय उरलेलं नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकतेय, त्याला पैसे पडत नाहीत. मराठी टायपिंग तुमच्या सवयीचंच, इनस्क्रिप्ट. लिहायच्या लिब्रेऑफिस प्रोग्राममध्ये तुमच्या जुन्या फाइली उघडतात का, ते इथेच बघून घेईन. कॅबिनेट काळं, पत्र्याचं, पुढे जाळी असलेलं. दिवे नाहीत, आई, चवथीला तुझी दिव्यांची माळ पुरे.

हे सगळं धरून हिशेब चाळीसच्या आत राहतोय. चवथीच्या आदल्या शनिवारी गाडीतून घेऊन येते. तोवर एक काम करा, बाबा. वायरमनला बोलावून त्या कोपऱ्यातल्या प्लगचं अर्थिंग बघून घ्या. तीन पिनांचा प्लग आहे म्हणजे अर्थिंग आहेच असं नसतं. तो म्हणेल ‘चलता है’, तरी तपासून दाखवायला सांगा.

तुमची,
मनू