सूचना : कलाकार गेल्यावर ग्रुपवर आणि तिठ्यावर काय करायचं
मंडळी नमस्कार, भजन मंडळाच्या सगळ्या सभासदांनी आणि मुंबईच्या चाकरमान्यांनी पण वाचा.

कोणी मोठा कलाकार गेला की आपल्याला वाईट वाटतं ते खरंच असतं, 6 फेब्रुवारी 2022 ला लतादीदी गेल्या तेव्हा आमच्या घरी दुपारी कोणी नीट जेवलं नाही, त्यामुळे रडू नका असं मी कोणाला सांगणार नाही. पण मागच्या वेळी काय झालं ते आठवा. एका नटाच्या श्रद्धांजलीचे शंभरेक मेसेज पडले आणि त्याच सकाळी आपल्या वाडीतली आजी गेली, दहा वाजता उचलणार हा मेसेज त्यात वर गेला तो कोणाला दिसलाच नाही. खांदा द्यायला माणसं कमी पडली हो. ते माझ्या मनातून अजून जात नाही.

तर यापुढे श्रद्धांजलीचा मेसेज एकच, तो सेक्रेटरी टाकतील, बाकीच्यांनी त्याच्याखाली फक्त हात जोडायचे. बातमी टीव्हीवर नक्की होईपर्यंत टाकू नका, जिवंत माणसाला मारून टाकतो आपण. आणि पार्थिवाचे फोटो, रडणाऱ्या घरच्यांचे व्हिडिओ तर अजिबात नकोत, त्यांच्या जागी आपली आई असती तर?

तिठ्यावर बॅनर लावायचा तर आधी ग्रामपंचायतीची परवानगी घ्या आणि तेराव्यानंतर स्वतः उतरवा, पावसाळ्यात वाऱ्याने फाटून लाईटच्या तारांवर जातो. गाणी लावायची असतील तर संध्याकाळी 7 ला देवळात या, पेटी-तबला घेऊन आपणच म्हणू.