बेसवाल्याचा हात आणि रात्रीचे दहा

संपादक महोदय,

गणपती तोंडावर आले, मंडळांच्या सुपाऱ्या ठरू लागल्या, म्हणून हे पत्र. मी डोंबिवलीचा. दिवसा एका कार्यालयात हिशेब लिहितो आणि गेली 21 वर्षं ऑर्केस्ट्रात बेस गिटार, म्हणजे खालचे सूर देणारी, सहाऐवजी चार तारांची गिटार, वाजवतो. ड्रमच्या शेजारी, अंधारात उभा असतो तो मी. दोन तारा तुटल्यात का, असं लोक मला अजूनही विचारतात.

दोन वर्षांपूर्वी ऐन गणपतीत माझा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत असा भरून आला की रात्री घरी आल्यावर कुलपात किल्ली फिरेना. आठवडाभर बाम चोळला, मग फिजिओथेरपिस्टकडे गेलो. बाई म्हणाल्या, मनगट आत पूर्ण वाकवा आणि आता मूठ आवळा. वाचकांनीही करून बघावं, मूठ धड आवळतच नाही. बोटं ओढणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखाली असतात आणि त्यांच्या दोऱ्या मनगटातून जातात. मी बेस मांड्यांपर्यंत लोंबता ठेवायचो. का, तर दिसतो भारी! तिथवर हात नेला की मनगट दुमडणारच. म्हणजे दुमडल्या मनगटाने मी तीन-तीन तास मूठ आवळत होतो. आता बसल्यावर बेस जिथे येतो, तिथेच उभ्यानेही राहील इतका पट्टा वर घेतलाय. ग्रुपमधली पोरं म्हणतात, काका नातवाला कडेवर घेऊन आले.

दुसरी खोड दाबण्याची. बेसची तार 34 इंची, जाडजूड. जोर लावल्याशिवाय वाजणार नाही असंच वाटतं. एकदा घरी तार अगदी हलकी धरली. खरखरली. मग तोळा-तोळा दाब वाढवत गेलो. बोट फ्रेटच्या, म्हणजे दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या, लगेच मागे ठेवलं तर सूर स्वच्छ यायला मी लावत होतो त्याच्या निम्मासुद्धा जोर लागत नाही! वर तारा थोड्या खाली घेऊन सेटिंग करून आणलं, तेव्हा अंगठ्याचा चिमटा सुटला.

उजव्या हाताची गोष्ट वेगळी. माझा बेस सेकंडहँड, सपाट, धारदार कडेचा. 1951 साली लिओ फेंडरचा पहिला प्रिसिजन बेस आला तोही असाच होता. 1954 मध्ये त्याची कड उतरती केली. माझ्या हातावर त्या कडेचा लाल वळ उमटायचा. आता तिथे हाताचा भार टाकत नाही, लांब बाह्यांचा शर्ट घालतो.

पण हे सगळं घरचं झालं. स्टेजवर मला मॉनिटरच, म्हणजे वाजवणाऱ्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकरच, मिळत नाही. माझाच आवाज मला ऐकू येत नाही, मग मी तार ओरबाडतो. समोर साउंडवाला त्याला जास्त वाटलं की बेस कमी करतो, मी आणखी ओरबाडतो. हात जातो तो इथे. बोट हलकं ठेवून आवाज मशीनवर वाढवायचा, हे मला पटलंय; पण मशीन माझ्या हातात नाही.

आणि ते रात्रीचे दहा. दहाला स्पीकर बंद, हा नियम योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण साडेसहाचा कार्यक्रम, आठपर्यंत नगरसेवकांपासून वर्गणीदारांपर्यंत सत्कार, शाल, नारळ. मग 'वेळ गेला' म्हणून मध्यंतर रद्द आणि शेवटी कोळीगीतांची अर्ध्या तासाची मेडली. त्यात गायक आळीपाळीने पाणी पिऊन येतात. बेसला आळीपाळी नसते. नवीन पोरं हाताला मुंग्या येत असतानाही पुढची सुपारी घेतात, कारण नाही म्हटलं की दुसरा उभाच असतो. मीही तेच केलं होतं.

यंदा बोलणी करताना मी दोन अटी घातल्या: पंधरा मिनिटांचं मध्यंतर आणि बेसवाल्यापुढे एक मॉनिटर. तीन मंडळांना सांगितलं. एक हो म्हणालं, एक विचार करून कळवणार आहे. तिसऱ्याने विचारलं, बेस नाही आणला तर किती कमी होतील?

आपला,
एक ऑर्केस्ट्रावाला, डोंबिवली पूर्व