रविवारच्या सामन्याबद्दल सूचना

मंडळी, येत्या रविवारी संध्याकाळी ठीक सहाला माझ्याकडे जमायचं आहे. या वेळी 9 जून 1995 चा सामना बघू : टोकियोचं बुदोकान सभागृह, ऑल जपान या व्यावसायिक कुस्ती कंपनीची जागतिक टॅग टीम (दोघा-दोघांच्या जोड्यांची) अजिंक्यपदाची लढत. एकीकडे मिसावा आणि कोबाशी, समोर कावादा आणि ताउए.

सामना चाळीस मिनिटांहून मोठा आहे, म्हणून उशीर नको. मागच्या वेळी अर्ध्यातून येऊन "कोण जिंकतंय?" विचारणाऱ्यांनी मनावर घ्यावं. सुरुवात संथ वाटेल, पण तेव्हाच कोबाशीच्या पट्टी बांधलेल्या मांडीकडे लक्ष ठेवा. समोरचे दोघे तिथेच लाथा घालत राहतात आणि पुढचं सगळं त्यावर उभं राहतं.

नव्या सभासदांसाठी : कावादा हा मिसावाचा शाळेतला धाकटा, तिथेही दोघे कुस्तीच खेळायचे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कावादाशी लढतानाच मिसावाच्या डोळ्याजवळचं हाड मोडलं होतं. आणि तोवर कावादाने मिसावाला एकदाही चीतपट केलेलं नव्हतं.

निकाल लिहीत नाही. एवढंच फोडतो : शेवटाकडे लंगडणारा कोबाशी पडलेल्या मिसावाच्या अंगावर आडवा होऊन मार स्वतःवर घेतो. मी कितीदा पाहिलंय, तरी तिथे चहा गार होतोच.

समालोचन जपानीत आहे, अडणार काही नाही. फोन बंद ठेवा. ज्यांनी आधी पाहिलंय त्यांनी तोंडही. येणाऱ्यांनी शनिवारपर्यंत कळवा, भजी त्या हिशेबाने करता येतील.