मोफत सोडतीला पैसे कसले?

संपादक महोदय,
ब्रिटनमध्ये कामाचा व्हिसा देणाऱ्या ‘यंग प्रोफेशनल्स स्कीम’च्या सोडतीत नंबर लावून देतो म्हणून गावातल्याच एका एजंटाने माझ्या भाच्याकडून ४० हजार रुपये घेतले. ही सोडत मोफत असते! ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर आपणच नाव नोंदवायचे. निवड चिठ्ठ्या काढल्यासारखी होते, वशिला चालत नाही. १८ ते ३० वयाच्या भारतीय पदवीधरांना तिथे २ वर्षे काम करता येते, आधी नोकरी हातात असण्याची अटही नाही. खरा पैसा पुढे, निवड झाल्यावर व्हिसाचा अर्ज करताना लागतो. खात्यात सलग २८ दिवस २,५३० पौंड दाखवावे लागतात, तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार वेगळा. महाविद्यालयांनी हे मराठीत फलकावर लावावे, कळकळीची विनंती. भाच्याचे पैसे अजून परत आलेले नाहीत.

– एक मामा, मिरज