सामानाचीही यादी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अंतराळ पर्यटनाची बातमी आली की कुणी भारावून जातो, कुणी ‘पैसा उतू चाललाय’ म्हणत पान उलटतो. आमच्या कॉलेज रोडच्या कट्ट्यावर दुसरा गट मोठा आहे, आणि तिकीट ऐकल्यावर त्यांना दोष देववत नाही. व्हर्जिन गॅलॅक्टिक या अंतराळ पर्यटन कंपनीचा दर सहा लाख डॉलरपर्यंत गेला, म्हणजे पाच कोटींच्या घरात. एवढे मोजून पंच्याऐंशीएक किलोमीटर वर जायचे, तीन-चार मिनिटे तरंगायचे आणि खाली यायचे. पृथ्वीला प्रदक्षिणा वगैरे काही नाही.

पण संशोधकाला ती तीन-चार मिनिटे म्हणजे चैन आहे. उंच मनोऱ्यातून वस्तू खाली सोडली तर वजनरहित अवस्था काही सेकंदच मिळते, खास झेपावणाऱ्या विमानात वीस-बावीस सेकंद. जुलै २०२१ मध्ये व्हर्जिनचे संस्थापक रिचर्ड ब्रॅन्सन यांच्याबरोबर गेलेल्या आंध्रच्या शिरीषा बांदला यांच्या हाती फ्लोरिडा विद्यापीठाच्या नळ्या होत्या. आत इवलीशी रोपे. ठरल्या क्षणी नळी दाबायची, की आतले रसायन रोपावर येते आणि त्याची त्या क्षणाची अवस्था तशीच टिकते. वजन जाताच पेशींत काय उलथापालथ होते, ते मग प्रयोगशाळेत सावकाश बघता येते. छायाचित्रे मात्र ब्रॅन्सन यांचीच छापून आली! २०२४ मध्ये त्याच विद्यापीठाचे प्राध्यापक रॉबर्ट फर्ल ब्लू ओरिजिन या दुसऱ्या कंपनीच्या यानातून स्वतःच नळ्या घेऊन गेले, तेही नासाच्या अनुदानावर.

आपल्याकडे माणूस बसवायची घाई नकोच. २०१४ मध्ये व्हर्जिनच्या चाचणीत एका वैमानिकाचा जीव गेला. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये श्रीहरिकोट्याहून उडालेले स्कायरूट या भारतीय खासगी कंपनीचे ‘विक्रम-एस’ रॉकेट ८९.५ किलोमीटरवर पोचले, तीन छोटी उपकरणे घेऊन. अशा खासगी रॉकेटांत बुटांच्या खोक्याएवढी जागा महाविद्यालयांसाठी राखून ठेवावी आणि तिचे भाडे सरकारने भरावे, एवढेच मागणे आहे. ओझरला सुखोई आणि तेजस बांधणाऱ्या जिल्ह्यात खोके तयार करणारे हात मिळतील. आत द्राक्षाचे रोप घालायचे की आणखी काही, ते पोरांवर सोडावे.

आणि आपल्या विज्ञान पुरवणीला विनंती, पुढच्या उड्डाणाच्या वेळी प्रवाशांच्या नावांखाली सामानाचीही यादी छापा.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, नाशिक