संशोधनाचा पैसा मे महिन्याआधी मिळावा : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय : शाश्वत विकासाशी निगडित पीएचडी संशोधनाच्या अधिछात्रवृत्त्यांचे (फेलोशिपचे) वेळापत्रक

महोदय,
स. न. वि. वि.

पुण्यातील एका महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात मी पाणी, शेती आणि शहरातील कचरा या विषयांवर पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करते. त्यांचे सिनॉप्सिस (संशोधन आराखडे) तपासणे, अधिछात्रवृत्तीचे अर्ज वाचणे आणि शिफारसपत्रे लिहिणे हे माझे नित्याचे काम आहे. राज्यात संशोधनासाठी पैसा नाही, अशी माझी तक्रार नाही. पैसा आहे, मात्र तो कोणत्या महिन्यात हातात पडेल हे अर्जदाराला, मार्गदर्शकाला आणि बहुधा संबंधित कार्यालयालाही आधी सांगता येत नाही. ज्या संशोधनाचे काम पावसाळ्याच्या आधी आणि नंतर ठरलेल्या वेळीच करावे लागते, त्याचे या अनिश्चिततेमुळे जे नुकसान होते, त्याकडे आपले लक्ष वेधावे म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

भूजलाचे उदाहरण घेते. विहिरीतील पाण्याची पातळी मे महिन्यात, ती सर्वांत खाली गेलेली असताना मोजतात आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोजतात. या दोन मापांच्या फरकावरून त्या वर्षी किती पुनर्भरण झाले, म्हणजे जमिनीत किती पाणी मुरले, याचा अंदाज बांधता येतो. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, जिचे मुख्यालय पुण्यातच आहे, आपल्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी ऋतूंच्या याच क्रमाने ठेवते. त्या नोंदी मोलाच्या आहेत, पण गावपातळीवरच्या अभ्यासाला त्या पुरत नाहीत. दख्खनच्या बेसॉल्ट खडकात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठते, त्यामुळे एकाच शिवारातल्या दोन विहिरी अगदी वेगळ्या वागू शकतात. म्हणून पुरंदर किंवा भोर तालुक्यातल्या चार गावांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला स्वतः टेप घेऊन विहिरीवर जावेच लागते, पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासून घ्यावे लागतात, आणि हे सारे मे महिन्यात करावे लागते. अधिछात्रवृत्तीचा पहिला हप्ता जुलैत जमा झाला, तर कॅलेंडरवर तो दोन महिन्यांचा उशीर दिसतो. संशोधनाच्या हिशेबात मात्र पूर्ण वर्ष गेलेले असते, कारण पुढचा मे यायला दहा महिने असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीचा कालावधी किमान तीन आणि कमाल सहा वर्षांचा आहे. तीन पावसाळ्यांच्या नोंदी हव्या असणाऱ्या अभ्यासात एक मे हुकणे म्हणजे काय, हे त्यावरून लक्षात यावे.

थकबाकी नंतर एकरकमी मिळतेच, मग नुकसान कसले, असे कोणी विचारील. खोलीभाडे आणि मेस यांपुरते ते काही अंशी खरे आहे, तेही ज्याला उसनवारी करता येते त्याच्यापुरते. पण थकबाकीतून गेलेला मे परत विकत घेता येत नाही. ज्यांच्या घरी पैसा आहे किंवा जे कुठेतरी नोकरीत आहेत, ते पदरचे घालून मोजमाप करून येतात. बाकीचे विद्यार्थी त्या वर्षी संदर्भवाचनावर भर देतात आणि प्रगती अहवालात तसे नीटनेटके लिहितात. अशा अहवालांवर मार्गदर्शक म्हणून सही करताना, हा विद्यार्थी मागे का पडला हे त्या अहवालात कुठेच आलेले नाही, हे मला ठाऊक असते.

या उशिराचे एक कारण रचनेत आहे. आपल्या विद्यापीठांत नोंदणी झालेला विद्यार्थी आपल्या खात्याचा, पण त्याची अधिछात्रवृत्ती बहुतेकदा दुसऱ्या खात्याची असते. अधिछात्रवृत्ती देणाऱ्या राज्याच्या संस्थांपैकी बार्टी सामाजिक न्याय विभागाकडे आहे, सारथी नियोजन विभागाकडे, महाज्योती इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडे आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आदिवासी विकास विभागाकडे. या संस्थांनी पहिल्या पिढीतील असंख्य मुलामुलींना संशोधनापर्यंत आणले, याबद्दल मला आदर आहे, आणि त्या एकत्र कराव्यात असे मी मुळीच सुचवत नाही. परंतु प्रत्येकीची जाहिरात, चाळणी, कागदपत्रांची पडताळणी आणि निधीची मंजुरी आपापल्या गतीने चालते, आणि विद्यापीठाची पेट ही पीएचडी प्रवेश परीक्षा व संशोधन मान्यता समितीच्या बैठका तिसऱ्याच गतीने. त्यात काही विपरीत घडले, तर सावरायला वावच उरत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्तीसाठी घेतलेल्या सामाईक परीक्षेत २०१९ च्या सेटचीच (प्राध्यापकपदासाठीच्या राज्य पात्रता परीक्षेचीच) प्रश्नपत्रिका आल्याने ती परीक्षा जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा घ्यावी लागली होती. केंद्राचेही फार बरे आहे असे नाही. १८ जून २०२४ ची नेट, म्हणजे यूजीसीच्या अधिछात्रवृत्तीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, दुसऱ्याच दिवशी रद्द झाली आणि फेरपरीक्षा २१ ऑगस्टपासून सुरू झाली. इतिहासाच्या किंवा साहित्याच्या संशोधकालाही याचा त्रास झालाच, पण त्याचे दप्तरखाने दोन महिन्यांनीही जागेवर असतात.

दुसरी अडचण वर्गवारीची आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांतून पुणे शहर पाणी घेते. वापरलेल्या पाण्यापैकी ६.५ टीएमसी (साडेसहा अब्ज घनफूट) प्रक्रिया करून शेतीसाठी परत द्यावे, अशी अपेक्षा आहे आणि त्यासाठी मुंढव्याला जॅकवेल (पाणी उपसण्याची विहीर) बांधलेली आहे. तेथून कालव्यात सोडलेल्या पाण्याचा दर्जा काय, ते पिकाला आणि जमिनीला कसे मानवते, दौंडकडचा शेतकरी ते कोणत्या भरवशावर घेतो आणि पाणीवाटपाच्या करारात त्याचे स्थान काय, हे चारही प्रश्न एकाच प्रबंधाचे आहेत. ते सुटे केले की उत्तरे निरुपयोगी होतात. अर्जात मात्र विद्याशाखेचा एकच रकाना असतो. विज्ञान लिहिले तर मुलाखतीत शेतकऱ्यांच्या मुलाखती कशाला असे विचारले जाते, सामाजिक शास्त्रे लिहिले तर नमुने तपासण्याचा खर्च कोठून करणार असे. हा शेवटचा प्रश्न चुकीचा नाही. यूजीसीच्या कनिष्ठ अधिछात्रवृत्तीचे मानधन १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाले, ही चांगली गोष्ट आहे. पण आकस्मिक खर्चासाठी पहिल्या दोन वर्षांत विज्ञान शाखेला वर्षाला १२,००० आणि सामाजिक शास्त्रांना १०,००० रुपये असा दर आहे. त्यात प्रवास, रासायनिक तपासणी, छपाई आणि गावात मदतीला घेतलेल्या माणसाची मजुरी असे सारे बसवायचे असते, आणि अर्थातच ते बसत नाही.

विद्यार्थ्यांच्या बाजूच्या उणिवांबद्दलही थोडे लिहायला हवे. शाश्वत विकास हा शब्द आला की अर्जात संयुक्त राष्ट्रांच्या सतराही उद्दिष्टांची नावे ओळीने लिहून काढण्याची साथ आली आहे. माझ्या मते त्यातली पंधरा खोडावीत. पण ती लिहिली की गुण मिळतात असा समज पसरला आहे, आणि तो पसरण्याला परीक्षकही जबाबदार आहेत. उद्दिष्टांच्या रकान्याऐवजी अर्जात क्षेत्रकामाचे वेळापत्रक मागावे : कोणत्या महिन्यात, कोणत्या गावात, काय मोजणार आणि त्याला किती खर्च येणार. ज्याने विषयाचा खरोखर विचार केला आहे, त्याला ही दोन पाने लिहायला वेळ लागत नाही, आणि ज्याने केलेला नाही त्याचे पितळ पहिल्याच परिच्छेदात उघडे पडते. छाननी समितीचे कामही त्यामुळे हलके होईल.

उद्योगांच्या सामाजिक दायित्व निधीतून हे भागेल, असे अलीकडे वारंवार सुचवले जाते. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत शाश्वत विकास उद्दिष्टांसाठी संशोधन करणाऱ्या सार्वजनिक विद्यापीठांना निधी देण्याची तरतूद आहे, ही खरी गोष्ट. पण ती विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक यांतील संशोधनापुरती आहे. मुंढव्याच्या पाण्यावरचा प्रबंध तिथेही अर्धाच बसतो. चाकण आणि भोसरीच्या कारखान्यांनी मदत करावी, जरूर करावी, परंतु त्या भरवशावर राज्याने आपले वेळापत्रक सैल सोडू नये.

म्हणून माझी विनंती मुख्यतः तारखांची आहे. आपल्या खात्याने पुढाकार घेऊन वरील विभागांशी बोलावे आणि सर्व अधिछात्रवृत्त्यांसाठी एकच वार्षिक वेळापत्रक शासन निर्णयाने जाहीर करावे : जाहिरात ऑगस्टमध्ये, परीक्षा व मुलाखती दिवाळीपूर्वी, निवडयादी जानेवारीअखेर आणि पहिला हप्ता ३१ मार्चपूर्वी विद्यार्थ्याच्या खात्यावर. आर्थिक वर्ष त्याच दिवशी संपते, त्यामुळे मार्चमध्ये निधी उपलब्ध नसतो असे उत्तर येईल, याची मला कल्पना आहे. त्यासाठी पहिल्या वर्षाच्या रकमेची तरतूद आधीच्या अर्थसंकल्पात करावी लागेल, आणि वित्त विभागाला हे पटवणे मंत्र्यांनाच शक्य आहे, मार्गदर्शकांना नाही. त्याचबरोबर ज्यांच्या कामाला ऋतूचे बंधन आहे त्यांना क्षेत्रकामाचा खर्च आकस्मिक खर्चाखेरीज, वेळापत्रक पाहून, आगाऊ द्यावा आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामासाठीच वापरल्याचा दाखला) काम झाल्यावर घ्यावे. दोन विद्याशाखांचे दोन मार्गदर्शक असलेला अर्ज छाननीत बाद होणार नाही, एवढी एक ओळही त्याच शासन निर्णयात घालता येईल.

हा निर्णय या पावसाळ्यात झाला, तर येत्या ऑगस्टची जाहिरात नव्या वेळापत्रकाने काढता येईल. तसे ठरल्यास अर्जाच्या नव्या नमुन्याचा मसुदा तयार करून देण्याची माझी आणि माझ्या सहकाऱ्यांची तयारी आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक संशोधन मार्गदर्शक, पुणे